शस्त्रक्रियेआधी तेल लावून घ्यावं का? ख्रिस्ती संस्कारांतल्या तेलांविषयी एका धर्मगुरूचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईत सून म्हणून आलेल्या एका ताईंच्या सासूबाईंची पुढच्या आठवड्यात बायपास आहे. ताई स्वतः हिंदू घरातल्या. शस्त्रक्रियेआधी फादरना बोलावून सासूबाईंना तेल लावून घ्यावं असं त्यांच्या मनात आहे, पण घरातल्या आत्या म्हणतात, "ते शेवटचं तेल असतं, आत्ताच कशाला?" त्यातच एका शेजारणीने ऑनलाइन मागवलेली 'अभिषेकाचं तेल' अशी चिठ्ठी चिकटवलेली बाटली आणून दिली आहे. हे तेल आणि चर्चमधलं तेल यांत फरक काय, त्यात असतं काय, आपणच लावलं तर चालेल का, आणि चर्चमध्ये उरलेल्या तेलाचं पुढे काय करतात, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, निकडीचं आधी सांगतो. आजच तुमच्या चर्चच्या फादरना फोन करा. सासूबाई रुग्णालयात दाखल व्हायच्या आधी, घरीच, त्या शुद्धीवर आणि निवांत असताना तेल लावून घ्या. त्यासाठी कुणाची खास परवानगी लागत नाही. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया करावी लागत असेल तर तिच्याआधी हा संस्कार देता येतो, असं विधिपुस्तकाच्या प्रस्तावनेतच लिहिलेलं आहे, आणि बायपास त्यात सरळ बसते. अक्कलदाढ काढायची आहे म्हणून कुणी आलं तर मी आशीर्वाद देतो, तेल लावत नाही. हृदयाच्या बाबतीत मात्र विचार करत बसायचं कारण नाही. आत्यांच्या शंकेकडे पुढे येतोच. ती शंका त्यांची एकट्यांची नाही, तिच्यामागे हजारेक वर्षांचा इतिहास आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेत तेलं तीन आहेत, आणि निम्मा गोंधळ ती तिन्ही एकच समजल्यामुळे होतो.

तुमच्या सासूबाईंना लागेल ते आजाऱ्यांचं तेल. ते कपाळाला आणि दोन्ही तळहातांना लावतात. दुसरं दीक्षार्थींचं तेल, ते बाप्तिस्म्याच्या आधी छातीवर लावतात. चौथ्या शतकातले मिलानचे बिशप संत अँब्रोज नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगत, की तुम्हाला ख्रिस्ताचे मल्ल म्हणून तेल लावलं गेलं. त्या काळी कुस्तीगीर अंगाला तेल चोळूनच आखाड्यात उतरायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्थ समजावून सांगावा लागत नसे. तिसरं क्रिस्मा. तिन्हींत मान मोठा याचा. बाप्तिस्म्यानंतर बाळाच्या टाळूवर, दृढीकरणात, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या पुढच्या संस्कारात, कपाळावर, धर्मगुरूची दीक्षा होते तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि बिशपच्या दीक्षेत मस्तकावर लावतात ते हेच. नवं चर्च उघडतं तेव्हा वेदीवर हेच ओततात आणि भिंतींवर बारा किंवा चार ठिकाणी याच तेलाने क्रूस काढतात. पूर्वी दीक्षेच्या वेळी नव्या धर्मगुरूचे तेल लावलेले तळहात पांढऱ्या कापडाने बांधत. ते कापड त्याच्या आईला द्यायची आणि ती वारली की तिच्याबरोबर शवपेटीत ठेवायची रीत काही ठिकाणी अजून आहे. विधीच्या पुस्तकात याचा उल्लेख नाही, पण मला ही रीत आवडते.

पहिली दोन तेलं आशीर्वादित असतात, क्रिस्मा पवित्रीकृत असतं. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, कारण त्यानुसार अधिकार बदलतात. क्रिस्मा फक्त बिशपच पवित्र करू शकतात. उद्या बिशपांच्या परवानगीने मी कुणाला दृढीकरण दिलं, तरी तेल बिशपांनीच पवित्र केलेलं असावं लागतं. आजाऱ्यांच्या तेलाला मात्र अडचणीच्या वेळी कोणताही धर्मगुरू आशीर्वाद देऊ शकतो, पण तो संस्कार देता देताच. आधी करून साठवून ठेवता येत नाही.

हे सगळं वर्षातून एकदा होतं. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी, किंवा धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या) सोयीने त्याच्या आसपासच्या एखाद्या दिवशी, बिशप आपल्या धर्मगुरूंसोबत कॅथेड्रलमध्ये, म्हणजे आपल्या मुख्य चर्चमध्ये, मिस्सा ही मुख्य उपासना अर्पण करतात. वसई धर्मप्रांताचं कॅथेड्रल पापडीला आहे, कृपामातेचं. जमलं तर एकदा जाऊन बघा, बाहेरून आलेल्या माणसाला वर्षभरातल्या सगळ्या विधींत हा सर्वांत कमी ओळखीचा वाटेल. मोठाल्या भांड्यांतून तेल मिरवणुकीने वेदीकडे आणतात. प्रवचनानंतर सगळे धर्मगुरू आपल्या दीक्षेच्या वचनांचं नूतनीकरण करतात. क्रिस्माची पाळी आली की बिशप तेलात सुगंधी द्रव्य मिसळतात, काही ठिकाणी ते आधीच मिसळून ठेवलेलं असतं. मग ते भांड्यावर वाकून तोंडाने फुंकर घालतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांवर श्वास फुंकला आणि "पवित्र आत्मा घ्या" असं म्हटलं, योहानाच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग त्यामागे आहे. त्यानंतरच्या प्रार्थनेत एका टप्प्यावर सगळे धर्मगुरू मुकाट्याने उजवा हात तेलाच्या दिशेने पुढे करतात. मिस्सा संपल्यावर प्रत्येक धर्मग्रामाला, म्हणजे गावोगावच्या चर्चला, आपापला वाटा मिळतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच संध्याकाळच्या मिस्सात तो लोकांसमोर आणला जातो.

तुमच्या सासूबाईंच्या कपाळावरचा थेंब हा असा येतो: बिशप, सगळे धर्मगुरू आणि अख्खा धर्मप्रांत यांच्या प्रार्थनेतून. चर्चमधलं तेल वेगळं ठरतं ते यामुळे. बाटलीतलं रसायन तपासलंत तर आजाऱ्यांचं तेल हे निव्वळ जैतुनाचं तेल निघेल, दुकानात मिळतं तेच.

आता त्यात असतं काय. पहिली दोन साधी, फक्त तेल. क्रिस्मात बाल्सम नावाचा सुगंधी डिंक किंवा त्याचं अत्तर असतं, म्हणून बाप्तिस्मा झालेल्या बाळाच्या टाळूला दिवसभर वास येत राहतो. मध्ययुगात हे बाल्सम इजिप्तमधून यायचं, कैरोजवळच्या मतारिया इथल्या बागेतून, आणि ते भयंकर महाग असे. सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून दुसरं बाल्सम यायला लागलं आणि रोमने, म्हणजे पोपांनी, तेही चालेल असं सांगितलं. त्याला 'पेरूचं बाल्सम' म्हणतात, पण ते झाड पेरूतलं नाही. माल मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या किनाऱ्यावरून निघायचा आणि पेरूच्या बंदरातून युरोपला जायचा, म्हणून नाव चिकटलं. एक उपयोगाची गोष्ट: त्वचेच्या ॲलर्जीच्या तपासणीत डॉक्टर ज्या ठरावीक पदार्थांच्या पट्ट्या लावतात त्यांत हे बाल्सम असतं, कारण पुष्कळांना ते सोसत नाही. बाळाची कातडी फार नाजूक असेल तर बाप्तिस्म्याआधी फादरना सांगावं, ते थेंबभरच लावतील.

तेल जैतुनाचंच का? बायबलच्या मुलखात तेच पिकतं, एवढंच. तेच तेल दिव्यात, स्वयंपाकात, जखमेवर आणि राजाच्या डोक्यावर. संदेष्टा शमुवेलाने दाविदाला राजा म्हणून निवडलं तेव्हा शिंगातून ओतलं तेही तेच. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय, तुमच्यात कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. आमचा संस्कार उभा आहे तो या दोन ओळींवर. 1972 पर्यंत या संस्काराला जैतुनाचंच तेल हवं असा दंडक होता. आफ्रिकेतल्या, आपल्याकडच्या, पॅसिफिक बेटांवरच्या बिशपांना ते मिळवणं किती जड जात असेल याची कल्पना करा. त्या वर्षी 30 नोव्हेंबरला पोप पॉल सहावे यांनी नियम सैल केला आणि कोणतंही वनस्पतीचं तेल चालेल असं ठरवलं. थोडक्यात, रात्री दोन वाजता एखाद्या पाड्यावर माणूस अत्यवस्थ आहे आणि धर्मगुरूकडची डबी रिकामी आहे, तर त्या घरातल्या खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलाला तिथल्या तिथे आशीर्वाद देऊन संस्कार पूर्ण करता येतो. उरलेलं तेल कापसात टिपून जाळायचं. तूप किंवा खनिज तेल मात्र चालत नाही.

आता आत्यांच्या शंकेकडे येतो.

पहिल्या काही शतकांत हे तेल मरणाचं नव्हतं. 416 साली पोप पहिले इनोसंट यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या बिशप डिसेंशियस यांना लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात ते सांगतात, की बिशपांनी तयार केलेलं हे तेल धर्मगुरूंनीच नव्हे, तर सर्व ख्रिस्ती लोकांनी आपल्या आणि आपल्या माणसांच्या गरजेला वापरावं. म्हणजे लोक ते घरी नेत, दुखऱ्या भागाला लावत. पुढच्या शतकात दक्षिण फ्रान्समधले बिशप सेझेरियस आपल्या लोकांवर चिडून म्हणतात, की आजारी पडलात की मांत्रिकाकडे आणि ताईत बांधणाऱ्याकडे काय धावता, चर्चमध्ये या, तेल लावून घ्या. गंडेदोऱ्यांची ही तक्रार आमच्या प्रवचनांतूनही अजून सुटलेली नाही.

मग बदल झाला तो नवव्या शतकाच्या आसपास, आणि कुणी मुद्दाम ठरवून केलेला नाही. तेल लावणं धर्मगुरूंच्या हाती आलं, त्याआधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं सांगणं, आवश्यक झालं. त्या काळची प्रायश्चित्तं इतकी कडक आणि जन्मभर पुरणारी असत की लोक पापनिवेदनच मरणापर्यंत लांबवू लागले, आणि त्याच्या पाठोपाठ तेलही लांबलं. तिघांचा क्रम ठरून गेला: पापनिवेदन, पाथेय (शेवटच्या प्रवासाची शिदोरी) म्हणून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, आणि सगळ्यात शेवटी तेल. नावच पडलं अंत्याभ्यंग, म्हणजे शेवटचं तेल लावणं. डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा ज्या ज्या इंद्रियांनी पाप केलं असेल त्यांना तेल लावून क्षमा मागायची. या विधीतून रुग्ण बरा व्हावा हा विचार जवळपास पुसला गेला. फादर पिशवी घेऊन गल्लीत वळले की शेजारचे शवपेटीवाल्याची आठवण काढत, तो काळ माझ्या आजीच्या पिढीने पाहिला आहे. आत्यांच्या बोलण्यात तो काळ आहे.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं, की अंत्याभ्यंगाला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं अधिक योग्य आहे, आणि तो केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नाही. 1972 च्या सुधारणेने क्रमही बदलला: तेल आधी, पाथेय शेवटी. म्हणजे नियमानुसार बघायचं तर ख्रिस्ती माणसाचा शेवटचा संस्कार तेल नसून ख्रिस्तशरीर आहे. नियम बदलून 50 वर्षं उलटून गेली तरी घरात भीती तीच आहे. कितीदा असं होतं, की माणूस आठ दिवस रुग्णालयात असतो, बोलत असतो, जेवत असतो, तेव्हा कुणी बोलवत नाही, "त्यांना कळलं तर धीर सुटेल" म्हणून. मग व्हेंटिलेटर लागतो आणि पहाटे फोन येतो. मी जातो, तेल लावतो, पण ज्याच्यासाठी ते सगळं आहे त्याला त्यातलं काही ऐकू जात असेल का, कुणास ठाऊक. तो माणूस तीन दिवसांपूर्वी हात पुढे करून "आमेन" म्हणू शकला असता. याचा मला राग येतो, आणि तो मी घरच्यांपासून लपवत नाही.

आणखी एक. मृत्यू झाल्यावर तेल लावत नाहीत. संस्कार जिवंत माणसांसाठी असतात, मृतासाठी वेगळी प्रार्थना आहे आणि ती मी मनापासून करतो. मृत्यू झालाय की नाही याचीच शंका असेल तर मात्र संस्कार द्यावा असा चर्चचा कायदा आहे. घरच्यांनी "फादर, तरी लावाच" म्हणून हट्ट धरला की जीव तुटतो, पण नाही म्हणावं लागतं.

आत्यांना हा सगळा इतिहास सांगत बसू नका. एवढंच सांगा, की हे तेल वर्षानुवर्षं थकलेल्या, नुसत्या म्हातारपणाने अशक्त झालेल्या माणसांनाही लावतात, आणि ती माणसं पुढच्या रविवारी पुन्हा चर्चमध्ये दिसतात. बऱ्याच धर्मग्रामांत वर्षातून एखादा दिवस आजाऱ्यांसाठी मिस्सा असतो, पुष्कळदा 11 फेब्रुवारीच्या सुमारास, लूर्दमातेच्या सणाला. त्या दिवशी रांगेने तेल लावतात. आत्यांना तिथे घेऊन जा, रांग बघून त्यांची भीती आपोआप ओसरेल.

आता तयारी. फादर येतील तेव्हा एका छोट्या टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि थोडा कापूस ठेवा. बोटांवरचं तेल काढायला जुन्या पद्धतीत लिंबाची फोड आणि पावाचा तुकडा ठेवत. हल्ली बहुतेक घरांत हात धुवायला पाणी आणि टॉवेल असतो, तेही पुरे. आधी फादर सासूबाईंना पापनिवेदन करायचंय का विचारतील, त्या वेळी सगळ्यांनी बाहेर थांबायचं. मग परत आत या, सगळेच या, मुलांनाही आणा. वाचन होईल, फादर काही न बोलता सासूबाईंच्या डोक्यावर हात ठेवतील. तो क्षण मला तेलाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मग कपाळाला आणि तळहातांना तेल. सोबतच्या शब्दांचा आशय असा, की या अभ्यंगातून प्रभूने आपल्या दयेने पवित्र आत्म्याची कृपा देऊन साहाय्य करावं, पापांतून मुक्त करून तारावं आणि उठवावं. त्यातलं 'उठवावं' हे याकोबाच्या पत्रातूनच आलेलं आहे.

तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तुम्ही मागे उभं राहायचं, असं अजिबात नाही. सासूबाईंचा हात धरा, त्यांच्यासाठी तुम्हाला येईल तशी प्रार्थना करा. दिवाळीच्या पहाटे घरातल्या मोठ्या बाईने अंगाला तेल चोळावं, त्यात जी माया असते ती इथेही आहे. फरक एवढा, की इथे ती माया ख्रिस्ताच्या नावाने आणि अख्ख्या मंडळीच्या वतीने पोहोचवली जाते. तेल लावणारा हात मात्र धर्मगुरूचाच हवा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, म्हणून फादरना त्याच्या आधीच्या एखाद्या दिवशी बोलवा, म्हणजे सासूबाईंना ख्रिस्तशरीरही घेता येईल. आणि तेल छातीवर लावायला कुणी सांगितलं तर नको म्हणा. शस्त्रक्रियेच्या जागची कातडी डॉक्टर निर्जंतुक करतात, मशीनच्या पट्ट्या चिकटवतात, तिथे तेल म्हणजे त्यांना डोकेदुखी. कपाळ आणि हात पुरतात.

समजा काही कारणाने घरी जमलं नाही आणि वेळ अतिदक्षता विभागात आली, तर तिथे मेणबत्ती पेटवायची नाही, ऑक्सिजन चालू असतो. कपाळावर पट्ट्या असतील तर उघड्या असलेल्या कोणत्याही भागावर तेल लावता येतं, आणि घाई असेल तर एकाच ठिकाणी लावलं तरी संस्कार पूर्ण होतो. संसर्गाचा धोका असेल तर बोटाऐवजी कापसाची काडी चालते. कोविडच्या काळात आम्ही पुष्कळांनी तेच केलं, आणि चर्चच्या कायद्यात ती सोय आधीपासून होती. रुग्ण बेशुद्ध असला तरी, शुद्धीवर असता तर त्याने मागितला असता एवढं गृहीत धरण्यासारखं असलं, की संस्कार देतात. नर्सला आधीच सांगून ठेवा, बहुतेक रुग्णालयांत दोन-चार मिनिटांसाठी कुणी अडवत नाही.

आता ती बाटली. शेजारीणबाईंचं मन मोडू नका, त्यांनी प्रेमानेच दिली आहे. पण ते आजाऱ्यांचं तेल नाही, आणि कुणी काहीही छापलं तरी होणारही नाही. संस्काराचं तेल विकत मिळत नाही, पोस्टाने येत नाही. अशा बाटल्यांवर 'निर्गम अध्याय 30 प्रमाणे बनवलेलं' असं लिहिलेलं असलं तर मला हसूच येतं. निर्गम हे बायबलमधलं पुस्तक, त्यातला तो अध्याय पूर्ण वाचा. मोशेला सांगितलेली कृती तिथे आहे: गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी वेखंड 250, तज 500 आणि एक हीन जैतुनाचं तेल. आजच्या मापात 500 शेकेल म्हणजे साडेपाच किलोंच्या वर, आणि एक हीन सुमारे पावणेचार लिटर धरतात. म्हणजे पावणेचार लिटर तेलाला सतराएक किलो मसाला! तो अख्खा घातला तर चमचा उभा राहील, म्हणून अभ्यासक म्हणतात की त्याचा अर्क काढून तेलात उतरवत असावेत. आणि त्याच अध्यायात पाच-सात ओळी खाली बजावलंय, की याच प्रमाणात दुसरं तेल कुणी बनवू नये, परक्याला लावू नये. कृती छापायची आणि मनाई गाळायची, हा धंदा झाला.

याचा अर्थ संस्काराबाहेर तेलाला जागाच नाही असा नाही. कॅनडात मॉन्ट्रियलला ब्रदर आंद्रे नावाचे एक साधे दारवान होते. संत योसेफाच्या पुतळ्यापुढच्या दिव्यातलं तेल ते आजाऱ्यांना द्यायचे आणि वर म्हणायचे की मी काही करत नाही, योसेफ करतो. 2010 मध्ये त्यांना संत घोषित केलं. अशी तेलं तीर्थक्षेत्रांतून लोक आणतात. ती भक्तीची वस्तू आहे, तीर्थ किंवा जपमाळ घरात असते तशी. पण ते तेल घेऊन घरोघर फिरायचं, प्रार्थनासभेत रांग लावून लोकांच्या कपाळाला लावायचं, हे आमच्याकडे सामान्य श्रद्धावंतांना चालत नाही. 1997 साली रोमने काढलेल्या सूचनापत्रात आजाऱ्यांचंच नव्हे, दुसऱ्या कुठल्याही तेलाने त्यांनी अभ्यंग करू नये असं म्हटलंय. कारण उघड आहे, पाहणाऱ्याला तो संस्कारच वाटतो. इनोसंट यांच्या काळात ते चालत होतं, आज का नाही, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. माझं स्वतःचं मत, नियम थोडा जास्तच कडक आहे. पण तेलाच्या नावाने चाललेला बाजार पाहिला की नियम करणाऱ्यांची बाजूही पटते.

पेंतेकोस्त आणि इतर काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक आणि वडीलजन याकोबाच्या त्याच ओळींवर विसंबून तेल लावून प्रार्थना करतात. त्यांच्याकडे हा संस्कार मानत नाहीत, आज्ञापालन मानतात. मनापासून केलेल्या त्या प्रार्थनेला मी कधी नावं ठेवत नाही. तेल प्यायला सांगणारे, डोळ्यांत घालायला सांगणारे आणि औषधं बंद करायला सांगणारे मात्र कोणत्याही मंडळीचे असोत, त्यांना दाराबाहेरूनच रामराम करा.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळींचा थाट वेगळाच. त्यांच्या क्रिस्माला मिरोन किंवा मूरोन म्हणतात, केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांकडून हा शब्द ऐकला असेल. इस्तंबूलच्या पात्रिआर्कांकडे, म्हणजे ऑर्थोडॉक्स मंडळीच्या प्रमुखांकडे, ते साधारण दहा वर्षांतून एकदा बनतं, पन्नासहून अधिक घटक घालून, पवित्र आठवड्यात दिवसचे दिवस कढवून. आर्मेनियात ते सात वर्षांनी बनवायची परंपरा आहे आणि नव्यात जुन्यातलं थोडं विरजणासारखं घालतात, म्हणजे साखळी तुटत नाही. तिकडे ब्रिटनचे राजे चार्ल्स यांना 6 मे 2023 रोजी अभिषेक झाला, त्याचं तेल जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावरच्या दोन मठांतल्या फळांचं होतं. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये तिथले ऑर्थोडॉक्स पात्रिआर्क आणि अँग्लिकन आर्चबिशप यांनी ते पवित्र केलं. अख्खा सोहळा दूरचित्रवाणीवर दिसला, पण तेल लावताना मध्ये पडदे धरले होते.

राहिला उरलेल्या तेलाचा प्रश्न. चर्चमध्ये तिन्ही तेलं कुलपात असतात, वेदीजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे विधीच्या तयारीच्या खोलीतल्या, कपाटात. बाटल्यांना ओळखीच्या फिती असतात. जुनी पद्धत क्रिस्माला पांढरी, आजाऱ्यांच्या तेलाला जांभळी आणि दीक्षार्थींच्या तेलाला हिरवी अशी आहे. खिशात न्यायला फिरकीच्या झाकणाची बोटभर डबी असते, आत कापूस, म्हणजे सांडत नाही. डबी पितळेची असेल आणि आतला मुलामा गेला असेल तर आपल्या कोकणच्या हवेत तेल कळकतं, कापूस हिरवा पडतो. अशा डबीतलं तेल आजाऱ्याच्या कपाळाला लावू नये, स्टीलची किंवा काचेची घ्यावी. कापसात भिजलेलं तेल बाटलीतल्यापेक्षा लवकर खवट होतं, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कापूस बदलायचा आणि जुना जाळून राख मातीत पुरायची. नव्या धर्मगुरूंना हे कुणी शिकवत नाही, ती खोली सांभाळणारे जुने सॅक्रिस्टन शिकवतात. पवित्र गुरुवारी नवं तेल आलं की जुनं वापरायचं नाही, अडचण असेल तरच. ते चर्चमधल्या अखंड दिव्यात घालतात किंवा जाळतात. गटारात किंवा बेसिनमध्ये कधीच नाही.

शेजारणीच्या बाटलीचंही तेच करा. क्रूसापुढच्या दिव्यात घाला. सुगंधी तेल चरचरतं, म्हणून थोडं साधं तेल मिसळा.

शस्त्रक्रिया नीट झाली आणि पुढे काही वर्षांनी सासूबाई पुन्हा गंभीर आजारी पडल्या, तर तेल पुन्हा लावता येतं. याच आजारात मध्येच प्रकृती ढासळली तरीही लावता येतं. एकदाच मिळतो तो बाप्तिस्मा, दृढीकरण आणि धर्मगुरूपदाची दीक्षा. हा संस्कार तसा एकदाचाच नाही. फादरना फोन कराल तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालयाचं नाव आणि दाखल व्हायचा दिवस आधीच सांगा. पवित्र आठवडा किंवा लग्नसराई असेल तर फादरही दिवसभर पळत असतात, आणि शेवटच्या संध्याकाळी फोन आला तर फादर कुठेतरी दुसऱ्या घरी तेल घेऊन गेलेले असतात.